डीसी जीआयएल: स्पेसरला सगळं आठवत असतं

"जीआयएस (गॅस भरलेल्या धातूच्या पाइपात बंद केलेलं स्विचगिअर) एसीला मस्त चालतं ना, मग त्याच पाइपला डीसी जोडायला काय हरकत आहे, उलट डीसीत तर पीक पण नसतं." हे वाक्य मी नवीन पोरांकडून ऐकलंय, रिटायरमेंटला आलेल्या साहेबांकडून पण ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर प्रश्न वेडगळ नाहीये. हाय व्होल्टेज शिकताना बहुतेकांचं सगळं शिक्षण एसीवरच होतं, डीसीचा धडा शेवटी घाईघाईत उरकतात. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहून टाकू, पुढच्या वेळी कोणी विचारलं की लिंक पाठवून मोकळा.

ज्यांनी जीआयएल, म्हणजे गॅस इन्सुलेटेड लाइन, बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अॅल्युमिनियमचा जाडजूड बाहेरचा पाइप, म्हणजे एन्क्लोजर, तो अर्थिंग केलेला, जमिनीला जोडलेला. आत अॅल्युमिनियमचीच नळी, तो कंडक्टर. मधल्या जागेत दाबाखाली गॅस, बहुतेक एसएफ६ (सल्फर हेक्साफ्लोराइड) किंवा एसएफ६ आणि नायट्रोजनचं मिश्रण. आणि कंडक्टर बरोब्बर मध्यभागी राहावा म्हणून ठराविक अंतरावर एपॉक्सीचे स्पेसर, ज्यात अॅल्युमिनाची भुकटी भरलेली असते. बस एवढंच. एसीत ही गोष्ट जुनी आहे, जर्मनीत श्लुकझे इथल्या पंप्ड स्टोरेजला १९७५ पासून आहे, जिनिव्हाला २००१ साली नायट्रोजन मिश्रणवाली टाकली, आणि चीनमध्ये यांगत्सेच्या खालून बोगद्यातून १००० केव्हीची जीआयएल नेली ती २०१९ ला चालू झाली. म्हणजे एसीत हे तंत्र चांगलं मुरलेलं आहे. डीसीत मात्र आत्ता आत्ता कुठे बाळसं धरतंय.

आधी ते पीकवालं प्रकरण संपवू. ४०० केव्ही एसी म्हणजे लाइन टू लाइन आरएमएस, म्हणजे परिणामी मूल्य, पीक नव्हे. फेज टू अर्थ काढा आणि त्याचं पीक घ्या, साधारण ३२७ केव्ही येतं, ते पण सायकलमध्ये क्षणभरच. ±५०० केव्ही डीसी म्हणजे अर्थच्या सापेक्ष ५०० केव्ही, सतत, दिवसरात्र, श्वास न घेता. तर पीक नाही हे खरं, पण आराम पण नाही.

खरी गंमत मात्र आकड्यात नाहीये, फील्ड (विद्युत क्षेत्र) कशी वाटली जाते त्यात आहे. एसीत गॅस आणि स्पेसर यांच्यात फील्ड कशी विभागली जाईल हे परमिटिव्हिटी ठरवते, म्हणजे फील्डला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचं माप. एसएफ६ ची सापेक्ष परमिटिव्हिटी जवळपास १, भरलेल्या एपॉक्सीची ५-६ च्या आसपास, आणि हे आकडे तापमानाने फारसे हलत नाहीत. म्हणजे स्पेसरचा आकार एकदा नीट काढला, कॉम्प्युटरवर फील्ड बघितली, की उन्हाळा असो की हिवाळा, लोड असो की नसो, फील्ड तशीच. डिझाइनरला रात्री झोप लागते.

डीसी चालू केल्या केल्या पहिल्या क्षणाला फील्ड अगदी एसीसारखीच असते. पण मग हळूहळू परमिटिव्हिटीचं राज्य संपतं आणि कंडक्टिव्हिटीचं चालू होतं. इन्सुलेटर म्हणजे करंट जात नाही असं आपण म्हणतो, पण जातो की थोडासा, अगदी नगण्य, आणि डीसीत शेवटी हाच नगण्य करंट ठरवतो की फील्ड कुठे जास्त आणि कुठे कमी. आणि एपॉक्सीची कंडक्टिव्हिटी ही परमिटिव्हिटीसारखी गुणी नाहीये. ती तापमानाबरोबर झपाट्याने वाढते, फील्डबरोबर पण बदलते, ओलाव्याने बदलते, एका बॅचची दुसऱ्या बॅचशी जुळेलच असं नाही.

किती हळू बदलतं ते बघा, हिशोब सोपा आहे. टाइम कॉन्स्टंट म्हणजे परमिटिव्हिटी भागिले कंडक्टिव्हिटी. खोलीच्या तापमानाला एपॉक्सीची कंडक्टिव्हिटी मीटरला १० चा उणे १६ वा घात सीमेन्स धरली आणि सापेक्ष परमिटिव्हिटी ५ घेतली तर उत्तर येतं साधारण ४ लाख ४० हजार सेकंद. म्हणजे पाच दिवस. आणि एका टाइम कॉन्स्टंटमध्ये बदल ६३ टक्केच होतो, पूर्ण स्थिरावायला तीन-चार तरी लागतात, म्हणजे दोन-तीन आठवडे. मटेरियल अजून दहापट चांगलं (म्हणजे इथे चांगलं की वाईट हे मला अजून ठरवता आलेलं नाही) घेतलं तर एकच टाइम कॉन्स्टंट पन्नास दिवसांवर जातो. आता तोच एपॉक्सी ७०-८० अंशांवर न्या, कंडक्टिव्हिटी शंभरपट सहज वाढते, आणि पाच दिवसांचं काम सव्वा तासात होतं. दह्याचं विरजण कसं, मे महिन्यात दुपारपर्यंत लागतं आणि डिसेंबरात दुसऱ्या दिवशी सकाळीही पातेल्यात दूधच असतं, तसला प्रकार.

आणि मजा म्हणजे हे दोन्ही एकाच स्पेसरमध्ये एकाच वेळी घडतं. कंडक्टरकडची बाजू लोड करंटमुळे गरम, एन्क्लोजरकडची बाजू थंड. गरम बाजू चार-पाच तासांत स्थिर झालेली असते, थंड बाजू अजून आठवडाभर सरकतीये. लोड संध्याकाळी वाढला, रात्री कमी झाला, की परत सगळं गणित हललं. म्हणजे रोज लोड वरखाली होणाऱ्या लाइनवर स्पेसरच्या थंड बाजूची खरी स्थिर अवस्था कधी येतच नसेल, कायम कुठेतरी मधेच.

गरम बाजू जास्त कंडक्टिंग झाली की फील्ड तिथून कमी होते आणि थंड बाजूला ढकलली जाते. एसीत कोअॅक्शियल पाइपमध्ये सगळ्यात जास्त फील्ड कंडक्टरच्या पृष्ठभागावर असते, हे आपण पहिल्या वर्षी शिकतो. डीसीत, लोडवर, स्पेसरच्या आत ती उलटी होऊन एन्क्लोजरच्या बाजूला जास्त होऊ शकते. केबलवाल्यांना हे माहीत आहे, डीसी केबलमध्ये पण हेच होतं. पण केबलमध्ये एकच घन पदार्थ असतो, आपल्याकडे घन आणि गॅस यांचा जोड आहे, आणि खरं दुखणं त्या जोडावर आहे.

कारण गॅसचं वागणं आणखी विचित्र. एसएफ६ मध्ये करंट कसा जातो? त्याला ओहमचा नियम लावू नका, पार फसाल. गॅसमध्ये नैसर्गिक रेडिएशनमुळे, कॉस्मिक किरणांमुळे, दर सेकंदाला दर घन सेंटिमीटरमध्ये मोजक्या आयनांच्या जोड्या तयार होत राहतात. फील्ड लावली की त्या ओढल्या जातात. आता फील्ड दुप्पट केली तरी आयन दुप्पट होत नाहीत, जेवढे तयार होतायत तेवढेच गोळा होणार, म्हणजे करंट सॅच्युरेट होतो. मग करंट कशाने वाढतो, तर गॅसचं व्हॉल्यूम वाढलं की. म्हणजे स्पेसरच्या ज्या भागावर मोठ्या गॅस व्हॉल्यूममधून फील्ड लाइन्स येऊन टेकतात तिथे जास्त चार्ज साठतो. पाइप मोठा केला की सेफ्टी वाढली असं एसीत म्हणता येतं, इथे मोठा पाइप म्हणजे आयनांचा मोठा कारखाना पण.

शिवाय कंडक्टरवर किंवा एन्क्लोजरवर एखादं बारीक टोक, खरबरीतपणा राहिला असेल तर तिथून होणारा सूक्ष्म डिस्चार्ज हा नैसर्गिक आयनांपेक्षा कितीतरी जास्त चार्ज सोडतो, आणि तो पण जाऊन बसतो स्पेसरवरच. म्हणजे घनातून येणारा चार्ज, गॅसमधून येणारा चार्ज आणि पृष्ठभागावरून सरकणारा चार्ज, अशा तीन वाटा. कोणती वाट जिंकते ते तापमान, फील्ड, फिनिशिंग आणि गॅसमधला ओलावा ठरवतात. एकाच पाइपमधले दोन शेजारचे स्पेसर पण वेगळे वागू शकतात.

हा पृष्ठभागावरचा चार्ज बघायची सगळ्यात जुनी पद्धत मला भारी आवडते. जर्मनीत ग्योटिंगेनला लिश्टेनबर्ग नावाचे प्रोफेसर होते, त्यांनी १७७७ च्या सुमाराला राळेच्या थाळीवर चार्ज देऊन भुकटी उडवली आणि झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी उमटलेली बघितली. गंधक आणि शेंदूर मिसळून उडवला तर गंधक पॉझिटिव्ह जागी चिकटतं आणि शेंदूर निगेटिव्ह जागी, पिवळा-लाल नकाशाच तयार. आज प्रयोगशाळेत इलेक्ट्रोस्टॅटिक प्रोब वापरतात, रोबो हाताने स्पेसरवरून फिरवतात आणि मग कॉम्प्युटरवर उलटं गणित करून चार्ज काढतात, पण डस्ट फिगर अजूनही काढतात लोक. अडीचशे वर्षं जुनी ट्रिक, आणि तीसुद्धा शेंदराची.

बरं, चार्ज साठला तर बिघडलं काय? स्थिर डीसीवर बरेचदा काहीच बिघडत नाही. जवळच्या इलेक्ट्रोडच्याच पोलॅरिटीचा चार्ज स्पेसरवर बसला तर तो तिथली फील्ड उलट कमीच करतो. अडचण येते ती अचानक काही बदललं की. वीज पडली, स्विचिंग झालं, आणि विरुद्ध पोलॅरिटीचा इम्पल्स, म्हणजे व्होल्टेजचा क्षणिक झटका, आला, तर तो मायक्रोसेकंदात येतो पण चार्जला हलायला दिवस लागतात. मग आधी फील्ड कमी करणारा तोच चार्ज आता इम्पल्सच्या फील्डमध्ये भर घालतो आणि स्पेसरच्या पृष्ठभागावरून फ्लॅशओव्हर, म्हणजे कंडक्टरपासून एन्क्लोजरपर्यंत ठिणगी. रिकाम्या, ताज्या स्पेसरने जो इम्पल्स आरामात झेलला असता तोच आठवडाभर डीसीवर बसलेल्या स्पेसरला झेपत नाही. त्याला सगळं आठवत असतं, काल किती लोड होता, परवा पोलॅरिटी कुठली होती.

पोलॅरिटी रिव्हर्सल पण तसंच. एसीचं डीसी करणाऱ्या कन्व्हर्टरच्या थायरिस्टरवाल्या जुन्या पद्धतीत, म्हणजे एलसीसीत, करंटची दिशा बदलता येत नाही, म्हणून पॉवर उलटी पाठवायची तर व्होल्टेज उलटं करावं लागतं. आपली चंद्रपूर-पडघे ±५०० केव्ही लाइन याच जातीची, ७५२ किलोमीटर, १५०० मेगावॅट. तिथे ओव्हरहेड तारा आहेत त्यामुळे जीआयएलचा प्रश्न नाही, उदाहरण म्हणून सांगतोय. आयजीबीटी (मनासारखा चालू-बंद करता येणारा ट्रान्झिस्टर) वापरणाऱ्या नव्या कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे व्हीएससीत, व्होल्टेजची पोलॅरिटी तीच राहते आणि करंट उलटा होतो, स्पेसरच्या दृष्टीने हे फार सुखाचं. माझं मत विचाराल तर डीसी जीआयएल आणि जीआयएसला आत्ता जे बरे दिवस येतायत त्यात व्हीएससीचा वाटा मोठा आहे, स्पेसरच्या मटेरियलमधल्या प्रगतीइतकाच.

टेस्टिंगचं काय होतं ते बघा मग. एसी जीआयएसला पॉवर फ्रिक्वेन्सी एक मिनिट, मग इम्पल्स, मग पीडी (पार्शल डिस्चार्ज, म्हणजे इन्सुलेशनमधल्या सूक्ष्म ठिणग्या), संध्याकाळी घरी. डीसीत एक मिनिटाची टेस्ट म्हणजे तुम्ही फक्त परमिटिव्हिटीने ठरलेली पहिल्या क्षणाची फील्ड तपासली, जी सर्व्हिसमध्ये राहणारच नाहीये! म्हणून कंडक्टर करंटने गरम करायचा, डीसी लावून फील्ड स्थिर व्हायची वाट बघायची, आणि मग डीसी चालू असतानाच त्यावर इम्पल्स चढवायचा, त्याच पोलॅरिटीचा आणि विरुद्ध पोलॅरिटीचा पण. डीसी सोर्स आणि इम्पल्स जनरेटर एकमेकांना न जाळता एकाच टेस्ट ऑब्जेक्टला जोडायचे, त्यासाठी कपलिंग कपॅसिटर नाहीतर स्फिअर गॅप. आधीच महागडी लॅब, ती आठवडेच्या आठवडे अडकून पडते. सिग्रे या वीज क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या जॉइंट वर्किंग ग्रुपने यावर २०२१ मध्ये ब्रोशर काढलंय, ८४२ नंबरचं, ज्याला या विषयात शिरायचंय त्याने तिथून सुरुवात करावी. युरोपात प्रोमोशन नावाच्या प्रकल्पात नेदरलँड्समधल्या आर्नेमला ±३२० केव्ही डीसी जीआयएस लांब मुदतीच्या टेस्टला लावलं होतं, आणि डार्मस्टाटजवळ ग्रीसहाइमला ±५५० केव्हीच्या जीआयएलचा प्रोटोटाइप. जर्मनीला एवढी घाई का, तर तिथे २०१५ च्या शेवटी कायदा झाला की मोठ्या डीसी कॉरिडॉरला जमिनीखालचा मार्ग आधी बघायचा.

प्रत्यक्ष सर्व्हिसमध्ये जुनं आणि ठळक नाव म्हणजे जपानची की चॅनल लाइन, शिकोकू बेटावरचं आनान आणि होन्शूवरचं किहोकू जोडणारी, २००० सालापासून. तिथली डीसी जीआयएस ±५०० केव्हीसाठी बनवली आहे, लाइन मात्र पहिल्या टप्प्यात ±२५० केव्हीवर चालवली.

आता पार्टिकलबद्दल, कारण साइटवरच्या माणसाचा थेट संबंध याच्याशी येतो. पाइप जोडताना अॅल्युमिनियमचा एखादा बारीक कीस आत राहिला, दोन-चार मिलिमीटरचा. एसीत तो चार्ज होतो, उचलला जातो, पण दर १० मिलिसेकंदांनी फील्ड उलटते त्यामुळे बिचारा तळाशीच उड्या मारत बसतो. डीसीत फील्ड एकाच दिशेची, म्हणून एकदा उचलला की सरळ कंडक्टरपर्यंत जातो, तिथे विरुद्ध चार्ज घेतो आणि परत खाली, परत वर. आणि कंडक्टर निगेटिव्ह असेल तर काही कीस कंडक्टरजवळच घुटमळत राहतात, करोना (टोकाशी होणारा सूक्ष्म डिस्चार्ज) करत, त्याला लोक फायरफ्लाय म्हणतात, म्हणजे आपला काजवा. हा काजवा फिरत फिरत स्पेसरवर जाऊन बसला की आधीच चार्जने वैतागलेला स्पेसर आणि त्यात हा. म्हणून डीसीत पार्टिकल ट्रॅप, एन्क्लोजरच्या आतून इन्सुलेटिंग कोटिंग, या गोष्टी एसीपेक्षा जास्त मनावर घ्याव्या लागतात.

आणि तो कीस शोधायचा कसा? एसीत पीडी बघताना आपण फेजनुसार पॅटर्न बघतो, हा पीकवर आला म्हणजे करोना, हा इथे आला म्हणजे व्हॉइड (घनाच्या आतली पोकळी), सरावलेला माणूस स्क्रीन बघून सांगतो. डीसीत फेजच नाही! पल्स येतात, त्यांची उंची आणि दोन पल्समधलं अंतर, एवढंच हातात. डिस्चार्जच्या रेडिओ लहरी पकडणारे यूएचएफ सेन्सर तेच चालतात पण वाचायची भाषा पूर्ण नवीन शिकावी लागते.

उपाय काय काय चाललेत? स्पेसरचा आकार बदलणं, जेणेकरून पृष्ठभागाला लंब फील्ड कमी राहील. तापमानाने कमी हलणारी कंडक्टिव्हिटी असलेलं मटेरियल. फील्ड वाढली की आपोआप कंडक्टिव्हिटी वाढणारं सिलिकॉन कार्बाइडसारखं फिलर टाकलेलं कोटिंग. पृष्ठभागावर फ्लोरिनची प्रक्रिया. सगळ्यांत एकच ओढाताण आहे, चार्ज लवकर निघून जावा म्हणून स्पेसर थोडा लीक करणारा केला की तो लीकेज करंटने गरम होणार, आणि गरम झाला की अजून लीक करणार. पेपर वाचले की प्रत्येक जण आपलंच कोटिंग भारी म्हणतो, पण टेस्ट होते छोट्या नमुन्यावर काही तास. ५०० केव्हीचा खरा स्पेसर चाळीस वर्षं तसाच राहील का हे त्या ग्राफमधून दिसत नाही, आणि माझा तरी भरवसा आधी आकारावर, मग मटेरियलवर आणि सगळ्यात शेवटी कोटिंगवर.

गॅसचा विषय वेगळ्या पोस्टचा आहे पण दोन ओळी. एसएफ६ विजेसाठी देवमाणूस, एका बारला सेंटिमीटरमागे जवळपास ८९ केव्ही, हवेच्या साधारण तिप्पट. पण ग्लोबल वॉर्मिंगला तोच कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २४ हजार पट वाईट, आणि जीआयएल म्हणजे किलोमीटरच्या किलोमीटर पाइप भरून गॅस. युरोपने २०२४ मध्ये नवीन नियम करून स्विचगिअरमधून तो टप्प्याटप्प्याने काढायला घेतलाय. पर्याय म्हणून नायट्रोजन-ऑक्सिजनची शुद्ध हवा किंवा फ्लुरोनायट्राइलची मिश्रणं येतायत. पण गॅस बदलला की दाब बदलतो, आयनांचं वागणं बदलतं, म्हणजे वर सांगितलेलं चार्जचं सगळं गणित नव्याने मांडायचं.

मग केबल सोडून हा उपद्व्याप का, असं कोणी म्हणेल. एसीत जीआयएलचा एक फायदा होता की कपॅसिटन्स कमी, त्यामुळे चार्जिंग करंट कमी. डीसीत चार्जिंग करंटच नाही, तो मुद्दा गेला. उरतो तो करंट वाहायचा दम, ५००० अॅम्पिअरच्या गोष्टी जीआयएलमध्येच होतात, शिवाय आग लागत नाही. कमी जागेत खूप पॉवर न्यायची असेल, बोगद्यातून किंवा समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर, तरच हिशोब जमतो. मुंबईसाठीची कुडूस-आरे डीसी लाइन ±३२० केव्ही आणि १००० मेगावॅटची, जमिनीखालचा भाग केबलचा, आणि एवढ्या पॉवरला केबलच बरोबर आहे, तिथे जीआयएलचा हट्ट कोणी धरला असता तर मी पण विरोधच केला असता.

उद्या कधी तीन-चार हजार मेगावॅट मुंबईच्या पोटातून न्यायची वेळ आली तर मात्र पाइपचा विचार करावा लागेल. तेव्हा पण माझी पहिली काळजी स्पेसरच्या मटेरियलची नसेल, ते कारखान्यात तपासून येतं. पाइपचे दहा-पंधरा मीटरचे तुकडे साइटवर जोडायचे, वेल्डिंग करायचं, आणि बाहेर जुलै महिना, हवेत ऐंशी-नव्वद टक्के आर्द्रता, शेजारी मेट्रोचं खोदकाम. क्लीन टेंट, ड्राय एअर, प्रत्येक जॉइंटनंतर व्हॅक्युम क्लीनर आणि बोरोस्कोप (पाइपच्या आत डोकावणारा कॅमेरा), हे सगळं टेंडरमध्ये वेगळ्या आयटमने लिहिलेलं असेल आणि त्याचे पैसे वेगळे मिळणार असतील तरच ते होतं, नाहीतर कॉन्ट्रॅक्टर फडकं मारून पुढचा तुकडा जोडतो.